काल कोणाच्या वावरात फवारलं?



पऱ्हाटी छातीला लागली आहे. आमच्या काटोल भागात या पंधरवड्यात सकाळी कोणत्याही धुऱ्यावर उभं राहा, चारी बाजूंनी पंपाचाच आवाज येतो. पात्या-फुलं बरी धरली, पण तुडतुडे आणि फुलकिडे एकदमच आले, आणि गुलाबी बोंडअळीची धास्ती तर दरसालची. कोणतं औषध, किती मिली, याच्या नोंदी आपण नेहमी टाकतो. आज औषधाची नोंद नाही. ज्याच्या पाठीवर पंप आहे, त्याच्या अंगाची नोंद आहे.

अंग चालतं कसं हे समजलं, तर औषध अंगात काय करतं हे लवकर समजतं. माझं शिक्षण दहावी पास. पुढचं जे काही समजलं ते डॉक्टरांना विचारून, आणि माझी पोरगी नर्सिंग शिकते तिच्याकडून. म्हणून पुस्तकी शब्द कमी वापरतो आणि सुरुवात गोठ्यातून करतो.

गाय पान्हवते तेव्हा काय होतं? वासरू सडाला तोंड लावतं, ढुशा मारतं. सडाच्या कातडीतल्या नसा ही खबर मेंदूला देतात. (नस म्हणजे इथं रक्ताची नस नव्हे, मज्जातंतू.) मेंदूच्या खाली एक बारीकशी ग्रंथी लोंबते, तिला पियुषिका म्हणतात. ती ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन रक्तात सोडते. ते रक्ताबरोबर कासेपर्यंत येतं, दुधाच्या बारीक पिशव्यांभोवतीचे स्नायू आवळतात आणि दूध सडात उतरतं. याला मिनिटभर लागतं, आणि पाच-सात मिनिटांत त्याचा जोर ओसरतो. म्हणून जुनी माणसं सांगतात, धार काढायला बसलं की मधात उठायचं नाही.

आता धार काढताना कुत्रं अंगावर आलं, नाहीतर कोणी गाईला काठी घातली. गाय दूध चोरते. ती हट्ट करत नाही. भीतीची खबर तिच्या मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथींना गेली, त्यांनी ॲड्रेनलिन रक्तात सोडलं, आणि त्यानं पान्ह्याचा हुकूम अडवला. तान्ह्या लेकराच्या आईचंही असंच असतं. तिला धाक, भांडण, चिंता असली की दूध उतरत नाही. आपल्या म्हाताऱ्या बाया बाळंतिणीला सुखात ठेवा म्हणायच्या, ते काही उगाच नव्हतं.

या एका पान्ह्यात अंगाच्या दोन्ही यंत्रणा दिसल्या. एक तारेची, एक पाण्याची.

नस म्हणजे तार. मोटरच्या बटनापासून मोटरपर्यंत जशी तार जाते, तशी ती ठरलेल्या जागी जाते आणि चटकन काम करते. सगळ्यात वेगवान नसेत खबर एका सेकंदात शंभर मीटर धावते. काट्यावर पाय पडला की आपण "आई गं" म्हणायच्या आधी पाय उचललेला असतो.

हार्मोन म्हणजे दांडाचं पाणी. रक्तात सुटलं की ते सगळ्या अंगातून फिरतं, पण ज्या वाफ्याचं तोंड उघडं आहे त्याच वाफ्यात शिरतं. ऑक्सिटोसिन गाईच्या शिंगाजवळूनही जातं, पण तिथं त्याला तोंड नाही. हे काम सावकाश चालतं आणि टिकतं. आमच्या घरी थायरॉईडची गोळी चालू आहे. गोळी बदलली की डॉक्टर म्हणतात, सहा-आठ आठवड्यांनी रक्त तपासा, त्याच्या आधी काही समजणार नाही.

हार्मोनला मात्राही किती कमी लागते, हे संत्रावाल्यांना सांगायला नको. झाडाला नसा नाहीत, त्याचा सगळा कारभार हार्मोनवरच. फळगळीला आपण १०० लिटर पाण्यात दीड ग्रॅम जिबरेलिक ॲसिड टाकतो. दीड ग्रॅम! आणि फळ थांबवायला दीड ग्रॅम घेतात ते टू-फोर-डी जास्त मात्रेत गेलं की तणनाशक होतं. हुकूम तोच, मात्रा वाढली की मरण.

आता मुद्द्याकडे येतो. हुकूम देणं जितकं महत्त्वाचं, तितकंच तो थांबवणं महत्त्वाचं.

गच्चीवरच्या टाकीत फ्लोट असतो. टाकी भरली की तो वर येतो आणि पाणी बंद करतो. हार्मोनचं बरंचसं काम असंच चालतं. जेवलं की रक्तात साखर वाढते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, साखर पेशींत जाते, साखर उतरली की इन्सुलिनही उतरतं. भरउन्हात घाम गेला, रक्त घट्ट झालं, तर मेंदूला ते कळतं. तो मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायचा हुकूम पाठवतो. लघवी थोडी आणि पिवळी होते. पोटभर पाणी प्यालं की हुकूम मागं घेतला जातो आणि लघवी साफ होते. नागपूरच्या मे महिन्यात वावरात राबणाऱ्यानं आपल्या लघवीच्या रंगाकडं लक्ष ठेवावं, ते याच्यासाठी.

नसेचा हुकूम मात्र एका सेकंदाच्याही बारीक हिश्श्यात थांबवावा लागतो. एक घास उचलायचा तर स्नायू आवळला पाहिजे आणि सुटला पण पाहिजे. हे कसं होतं?

नस थेट स्नायूला चिकटलेली नसते. मधात बारीक फट असते. नसेच्या टोकातून त्या फटीत एक रसायन सुटतं, ते पलीकडं जाऊन बसतं आणि हुकूम पोचतो. ऑटो लोवी नावाच्या शास्त्रज्ञानं हे १९२१ साली बेडकाच्या हृदयावर दाखवलं. त्यानं दोन हृदयं घेतली. पहिल्या हृदयाची नस चेतवली तर त्याचे ठोके मंदावले. मग त्याच्यातलं पाणी काढून दुसऱ्या हृदयाला दिलं. दुसऱ्याची नस त्यानं हातात धरलीच नव्हती, तरी त्याचेही ठोके मंदावले. म्हणजे हुकूम पाण्यात उतरला होता. या प्रयोगाची कल्पना त्याला रात्री झोपेत सुचली होती म्हणतात. १९३६ साली त्याला आणि हेन्री डेल यांना मिळून नोबेल मिळालं. त्या रसायनाचं नाव ॲसिटिलकोलीन. नाव लांब आहे, पण लक्षात ठेवण्यासारखं आहे. स्नायू आवळणं, लाळ, घाम, डोळ्याची बाहुली बारीक करणं, आतड्याची हालचाल, हृदय मंद करणं, इतकी कामं ते करतं.

काम झालं की त्याला तोडायला फटीत एक कैची बसलेली असते. शास्त्रात तिला कोलिनेस्टरेज म्हणतात. ही कैची सेकंदाला हजारो कण तोडते. म्हणून हुकूम पोचतो आणि लगेच संपतो.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, ॲसिफेट ही सगळी ऑरगॅनोफॉस्फेट गटाची औषधं याच कैचीत अडकतात. कैची बंद पडली की रसायन तुटत नाही, फटीत साचतं आणि हुकूम सुरूच राहतो. ज्यांच्या मोटरच्या स्टार्टरचे पॉइंट कधी चिकटले असतील, त्यांना हे बरोबर समजेल. तुम्ही लाल बटन दाबता, मोटर थांबत नाही. विहीर आटली तरी चालू, शेवटी जळते. अळी मरते ती अशी. तिचे स्नायू सुटतच नाहीत, थरथरून मरते.

गोष्ट इतकीच की ती कैची अळीत आहे तशी आपल्यातही आहे. औषध अळी आणि माणूस ओळखत नाही, फक्त अंग मोठं-लहान असतं.

२०१७ चा पावसाळा आपण कोणी विसरलो नाही. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेकडो शेतकरी-शेतमजूर दवाखान्यात गेले, वीसच्या आसपास दगावले. त्या साली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा तोंडावर येत होता. दोन-तीन औषधं एकत्र कालवली जात होती, जास्त दाबाचे पंप आले होते, हवा दमट होती. सरकारनं चौकशी पथक नेमलं, काही औषधांची विक्री काही दिवस बंद केली. हे सगळं पेपरात आलं.

पेपरात न आलेली एक गोष्ट आमच्या गावातली. त्याच हंगामात आमच्या इथं रोजीनं फवारणी करणारा एक जण, चाळिशीचा, अंगानं धडधाकट, संध्याकाळी घरी आला आणि ओटीवरच बसला. तोंडातून लाळ, अंगाला पाणी ओतल्यासारखा घाम, पोट दुखून उलटी. घरच्यांना वाटलं ऊन लागलं. मी आणि त्याचा भाऊ त्याला गाडीत घालून नागपूरला घेऊन गेलो. डॉक्टरनं पहिल्यांदा डोळ्यावर टॉर्च मारला आणि आम्हाला दाखवलं. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. मांडीचे स्नायू कातडीखाली किडे वळवळावे तसे हालत होते. डॉक्टरनं एकच विचारलं, "कोणतं औषध होतं?" डबा त्याच्या भावानं पिशवीत टाकून आणला होता, म्हणून काम लवकर झालं.

मग ॲट्रोपिनची इंजेक्शनं चालू झाली. एक दिलं, छाती ऐकली, पाच मिनिटांत परत. छातीतलं पाणी सुकेपर्यंत देत राहिले. गंमत अशी की हे ॲट्रोपिन ज्या कुळातल्या झाडांत असतं, त्याच कुळातला धोतरा आपल्या धुऱ्यावर उगवतो. साचलेलं ॲसिटिलकोलीन जिथं जाऊन बसतं, तिथं हे आधीच बसून दार अडवतं. (म्हणून कोणी धोतरा वाटून पाजू नका. त्याची मात्रा कोणालाच मोजता येत नाही, त्यानंही माणूस मरतो.) कैची सोडवायचं दुसरं औषध असतं, त्याला पाम म्हणतात. ते लवकर दिलं तरच उपयोग. उशीर झाला की औषध कैचीला कायमचं चिकटतं, मग ती सुटत नाही, अंगाला नवीनच बनवावी लागते.

दुसऱ्या दिवशी तो उठून बसला, चहा प्याला. नातेवाईक म्हणाले, "आता बरा आहे ना, घरी घेऊन जाऊ. इथं काहून पडून राहायचं?" डॉक्टरनं सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला उशीवरून मान उचलता येईना. दुपारी दम लागला आणि मशीनवर ठेवावं लागलं. ॲट्रोपिन लाळ-घाम थांबवतं, पण श्वासाच्या स्नायूंवर चालत नाही. एक ते चार दिवसांच्या मधात मान आणि श्वासाचे स्नायू असे ढिले पडू शकतात. त्या दिवशी तो घरी असता तर वाचला नसता. बाविसाव्या दिवशी तो पायी चालत गाडीत बसला.

आता ज्यासाठी ही नोंद लिहिली ते सांगतो. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात गावचे चार शेतकरी भेटायला आले. एक म्हणाला, "माझ्याकडं तर एकच एकर मारलं." दुसरा म्हणाला, "माझ्याकडं अर्धाच दिवस होता." तिसऱ्याचं औषध सौम्य होतं, चौथ्यानं हातमोजे दिले होते. चौघंही खरं बोलत होते. नऊ दिवसांत त्यानं चार वावरं केली होती, पाचवं माझं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी.

मी पोरीला विचारलं, चार जणांकडं थोडं थोडं, तर विष झालं कसं? ती म्हणाली, "बाबा, औषध अंगातून निघून जाते, पण बंद पडलेली कैची लगेच नाही येत. नवीन बनायला आठवडे-महिने लागते." म्हणजे सोमवारी दहा टक्के कैच्या गेल्या, बुधवारी अजून दहा, शनिवारी अजून. माणसाला वरून काहीच समजत नाही, कारण निम्म्याच्या आसपास जाईपर्यंत बहुतेक वेळा ठळक लक्षण दिसत नाही. थोडं डोकं दुखतं, रात्री झोप नीट नाही, आपण म्हणतो थकवा आहे. मग एका दिवशी शेवटचा पंप पडतो आणि सगळं एकदम कोसळतं. तो शेवटचा पंप ज्याच्या वावरात पडला, त्याच्यावर बोट येतं. पण बेरीज तर सगळ्यांच्या वावरांची होती. मालक आपले पंप मोजतो. फवारणाऱ्याची नस सगळ्यांचे पंप मोजते.

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १९७४ पासून याचा नियम आहे. अशी औषधं नेहमी हाताळणाऱ्या मजुराचं रक्त काम सुरू व्हायच्या आधी तपासून ठेवतात आणि मग काम चालू असताना परत तपासतात. रक्तातल्या लाल पेशींवरची कैची स्वतःच्या पहिल्या आकड्याच्या ७० टक्क्यांवर आली की त्याला फवारणीवरून काढून दुसरं काम देतात. ८० टक्क्यांवर परत गेली की मगच पंप. त्याचं अंग चांगलं दिसतं की नाही, हे तिथं विचारतच नाहीत. आकडा पाहतात.

आपल्याकडं हे उद्या होणार नाही, हे मला माहीत आहे. पण ही नोंद वाचणारे कृषी सहायक आणि कृषी विज्ञान केंद्राची मंडळी आहेत, त्यांना विनंती. हंगामाआधी गावोगाव मेळावे होतात, त्याच दिवशी आरोग्य खात्याला बोलावून रोजीनं फवारणी करणाऱ्यांचं रक्त तपासता आलं तर पाहा. एका गावात अशी पाच-सात माणसंच असतात, पूर्ण गावाची फवारणी त्यांच्याच पाठीवर असते.

तोपर्यंत आपल्या हातातलं.

फवारणीला माणूस सांगताना भाव ठरवायच्या आधी विचारा, काल कोणाच्या वावरात फवारलं, परवा कुठं होता, औषध कोणतं होतं? आम्ही आमच्या गावात त्यांना एकेक छोटी वही दिली आहे. तारीख, औषध, किती पंप. लिहिता येत नसेल तर मालकानं लिहून द्यायचं. सलग दिवस भरले की त्याला निंदण, खत टाकणं, संत्र्याच्या आळ्याचं काम द्यायचं. हे फुकटचं शहाणपण होऊ नये म्हणून एक गोष्ट पाळा: फवारणीची रोजी जास्त असते, दुसऱ्या कामावर लावताना त्याचं नुकसान होऊ देऊ नका. रोजी तुटली तर तो सांगणारच नाही की डोकं दुखून राहिलं.

कातडीतून औषध आत जातं, हे लक्षात ठेवा. तळहातापेक्षा काखेतून आणि जांघेतून ते जास्त शिरतं, आणि घामानं ओली कातडी तर त्याला वाटच देते. पंप गळून पाठीवरून खाली ओघळत असेल तर तो पंप खाली उतरवा. कपडे ओले झाले की तिथंच बदला, साबणानं धुवा. वारा तोंडावर असेल तर थांबा. डब्यावरचा तिकोना पाहा: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा.

डोळे पाहायला शिका. भीतीनं, धावपळीनं ॲड्रेनलिन सुटतं तेव्हा बाहुली मोठी होते. या गटाच्या विषानं ती बारीक होते. घाम, लाळ, उलटी, छातीत घरघर आणि बारीक बाहुली, एवढं दिसलं की ऊन लागलं म्हणून कांदा लावत बसू नका. बाहुली बारीक दिसली नाही तरी बाकीच्या लक्षणांवर दवाखाना गाठाच. कपडे काढा, आपल्या हाताला काही घालून त्याचं अंग साबणानं धुवा, कुशीवर झोपवा. दूध, तूप पाजू नका, उलटी काढू नका. १०८ ला फोन लावा आणि डबा सोबत न्या. डबा यासाठी की सगळी औषधं कैचीवर काम करत नाहीत. इमिडाक्लोप्रिड तंबाखूच्या निकोटिनसारखं थेट ॲसिटिलकोलीनच्या जागेवर जाऊन बसतं, फिप्रोनिल नसेचा ब्रेक काढून टाकतं, डायफेन्थियुरॉन तर पेशीची ऊर्जाच तोडतं आणि त्याला उतारा नाही. डॉक्टरला नाव समजलं तर उपचार बरोबर होतो. आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून घरी आणायची घाई करू नका.

आमच्या गावचा तो माणूस आज ठीक आहे. पंपाला हात लावत नाही. बकऱ्या राखतो आणि हंगामात माझ्या संत्र्याला आळे करून देतो. पूर्ण दिवस काम करतो, पण चढावर दम लागतो. फवारणीला आलेल्या नव्या पोरांना धुऱ्यावर थांबवून तोच विचारतो, काल कुठं होता रे?

पुढची नोंद आंबिया बहाराच्या फळगळीवर टाकतो. राम राम.